मोह आणि सोबत : संत ऑगस्टीन यांच्या ‘कन्फेशन्स’चे पुनर्वाचन

ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस ख्रिस्तसभेच्या पंचांगात आई आणि मुलगा लागोपाठ भेटतात. २७ ऑगस्टला संत मोनिका आणि दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, संत ऑगस्टीन. या दोन दिवसांत आपण जी प्रवचने ऐकतो, त्यांचा आशय बहुधा ठरलेला असतो. मुलगा बुद्धिमान होता, पण वाईट मार्गाला लागला. आईने अनेक वर्षे अश्रू ढाळून प्रार्थना केली. अखेर मुलाचे हृदयपरिवर्तन झाले आणि तो बिशप, आचार्य व संत झाला. भरकटलेल्या मुलांच्या मातांना या कथेने आजवर किती धीर दिला असेल, त्याची मोजदाद करता येणार नाही. कथा खरी आहे आणि तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

तथापि मूळ ‘कन्फेशन्स’ हा ग्रंथ वाचून संपवला, तेव्हा एक तफावत आमच्या ध्यानी आली. प्रवचनातल्या कथेत मोह हा परिवर्तनापूर्वीचा विषय असतो. बागेत लहान मुलाचा आवाज ऐकू येतो, संत पौलाची पत्रे उघडली जातात, आणि मोहाचे प्रकरण तेथेच मिटते. ग्रंथात मात्र ते मिटत नाही. या ग्रंथाची पुस्तके तेरा आहेत. बागेचा प्रसंग आठव्या पुस्तकात येऊन जातो. आणि त्यानंतर दहाव्या पुस्तकात, बिशपपदावर बसलेला तोच पुरुष आपल्याला आजही कोणकोणते मोह होतात, हे एकेक करून सांगू लागतो.

ही तफावत केवळ अभ्यासकांच्या कामाची नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला आहे. पहिला ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, लग्न हे सारे विधिवत पार पडले आहे. रविवारी आपण ख्रिस्तप्रसाद घेतो आणि सोमवारी तोच राग, तीच बाटली, तीच खोटी पावती पुन्हा समोर उभी राहते. संतांचे चरित्र म्हणजे एकदाच झालेल्या विजयाची गोष्ट, असे ज्याने ऐकले आहे, तो अशा वेळी दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर आपली श्रद्धाच खोटी आहे असे त्याला वाटते, किंवा मग तो आपला मोह घरच्यांपासून आणि धर्मगुरूंपासूनही लपवू लागतो. दारू सुटत नाही म्हणून मिस्सेला येणेच सोडून दिलेला बाप कोणत्या धर्मग्रामात नाही? त्याच्यासाठी हा ग्रंथ पुन्हा नीट वाचला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम ग्रंथाविषयी थोडे. ऑगस्टीन यांचा जन्म ३५४ साली उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या गावी झाला. हे गाव आजच्या अल्जीरिया देशात येते. वडील पॅट्रिशियस पुष्कळ काळ ख्रिस्ती नव्हते. आई मोनिका श्रद्धावान ख्रिस्ती होती. कार्थेज, रोम आणि मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक म्हणून नाव मिळवल्यानंतर ३८६ साली त्यांचे परिवर्तन झाले आणि ३८७च्या ईस्टरच्या रात्री मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्या हस्ते त्यांना बाप्तिस्मा मिळाला. पुढे ते हिप्पोचे बिशप झाले आणि ४३० साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. ‘कन्फेशन्स’ त्यांनी बाप्तिस्म्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, चौथ्या शतकाच्या अगदी शेवटी, लॅटिन भाषेत लिहिण्यास घेतला. मूळ लॅटिन शब्दाचे अर्थ दोन आहेत : पापाची कबुली आणि देवाची स्तुती. संपूर्ण ग्रंथ देवाला उद्देशून आहे. वाचक जणू दाराशी उभा राहून एक प्रार्थना ऐकत असतो.

आपल्या भूमीलाही या संताचे नाव परके नाही. त्यांचे नाव धारण करणारे ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू १५७२ साली गोव्यात आले. जुन्या गोव्याच्या पवित्र टेकडीवर त्यांच्या चर्चच्या मनोऱ्याचा भग्न भाग आजही उभा आहे आणि जवळच संत मोनिकेच्या नावाचा मठ आहे. २०२५ साली पोपपदी निवड झालेले चौदावे लिओ हे याच संघाचे. भग्न मनोरा पाहायला जाणारे पुष्कळ. ग्रंथ उघडणारे थोडे. म्हणून त्यातील काही प्रसंग आम्ही येथे क्रमाने घेतो. ते घेताना एकच प्रश्न विचारतो : या ग्रंथात मोह माणसाला कसा गाठतो, आणि माणूस त्यातून कसा सुटतो?

दुसऱ्या पुस्तकातील नासपतीच्या चोरीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. ऑगस्टीन तेव्हा सोळा वर्षांचा होता. कार्थेजला पाठवण्यासाठी वडिलांजवळ पैसे जमेपर्यंत त्याचे शिक्षण थांबले होते आणि रिकामपणी तो टोळक्याबरोबर हिंडत होता. घराच्या द्राक्षमळ्याशेजारी एक नासपतीचे झाड होते. एका रात्री उशिरा या मुलांनी ते झाड हलवून फळे पाडली आणि ओझी भरून नेली. फळे दिसायला सुंदर नव्हती, चवीलाही गोड नव्हती. यापेक्षा चांगली फळे त्याच्या घरी होती. बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली.

एवढ्याशा चोरीवर या थोर पुरुषाने पानेच्या पाने का खर्च केली, असा प्रश्न अनेक वाचकांना पडतो. बिचाऱ्याला दुसरे मोठे पाप सांगण्याची लाज वाटली असावी, असेही कोणी गमतीने म्हणतात. पण ती पाने लक्ष देऊन वाचली की त्यांचे प्रयोजन कळते. लेखक शोध घेत आहे तो कारणाचा. भूक नव्हती, गरज नव्हती, फळाचे आकर्षण नव्हते. मग मोह कशाचा होता? पुष्कळ उलटसुलट विचार करून तो ज्या उत्तराशी येतो, ते साधे आहे. मी एकटा असतो, तर हे केलेच नसते, असे तो निःसंशय सांगतो. चला म्हणणारे सोबती होते, आणि त्यांच्यापुढे निर्लज्ज न ठरण्याचीच लाज वाटत होती. ज्यांच्या घरी सोळा वर्षांची मुले आहेत, त्या आईबापांना या विधानाचे स्पष्टीकरण नको.

आपण मोहाचे चित्र मनाशी रेखाटतो तेव्हा बहुधा एकटा माणूस आणि समोर सैतान असे रेखाटतो. वाळवंटातील चाळीस दिवसांचे शुभवर्तमान दरवर्षी उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी वाचले जाते, त्याचाही हा परिणाम असेल. पण तेथे मोहाला सामोरा जाणारा प्रभू येशू आहे. आपल्यासारख्यांना सैतान क्वचितच एकट्याने भेटतो. तो मित्रांच्या हसण्यातून, पाहुण्यांच्या आग्रहातून, ‘सगळेच करतात’ या चार-चार अक्षरी शब्दांतून येतो. ऑगस्टीन यांनी हे सोळाशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

सहाव्या पुस्तकात आलिपियस या मित्राची कथा येते. तोही तागास्तेचा, ऑगस्टीन यांचा विद्यार्थी आणि पुढे जिवलग सखा. कार्थेजला असताना त्याला रथशर्यतींचे वेड लागले होते. एकदा ऑगस्टीन यांनी वर्गात शिकवताना ओघाने त्या वेडाची चेष्टा केली. आलिपियसला उद्देशून ते काही बोलले नव्हते. पण त्याने तो बोल स्वतःवर घेतला आणि शर्यती सोडल्या. पुढे कायद्याच्या शिक्षणासाठी तो रोमला गेला. तेथे ग्लॅडिएटरांचे रक्तरंजित खेळ चालत. त्यांचा त्याला तिटकारा होता. एक दिवस जेवून परतणाऱ्या मित्रांनी त्याला वाटेत गाठले आणि थट्टामस्करी करीत ओढून प्रेक्षागारात नेले. तुम्ही माझे शरीर नेऊ शकाल, माझे मन आणि डोळे नेऊ शकणार नाही, अशा अर्थाचे तो त्यांना म्हणाला. आत जाऊन त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पण कान मिटता आले नाहीत. कोणी योद्धा पडला, प्रचंड आरोळी उठली, आणि काय झाले ते पाहून तुच्छ लेखू या विचाराने त्याने डोळे उघडले. ते पुन्हा मिटले नाहीत. परतला तो त्या गर्दीतला एक होऊन. नंतर तो इतरांनाही ओढून नेऊ लागला.

या प्रसंगाचे चित्रण इतके जिवंत आहे की वाचक त्याच्या कलेतच गुंतून राहील. आमचे लक्ष मात्र ग्रंथकर्त्याच्या निदानाकडे जाते. आलिपियसचे मन दुबळे होते म्हणून तो पडला, असे ऑगस्टीन म्हणत नाहीत. तो स्वतःवर विसंबला होता, हे कारण ते देतात. त्याचा निर्धार खरा होता. फक्त त्या निर्धाराच्या बळावर नको त्या ठिकाणी आपण सुरक्षित राहू, हा हिशेब चुकला.

याच आलिपियसचा एक विजयही ग्रंथात नोंदलेला आहे. तो फारसा कोणी सांगत नाही. रोममध्ये तो खजिन्याच्या अधिकाऱ्याचा कायदेविषयक सल्लागार होता. एक बलाढ्य सेनेटर बेकायदा सवलत मागत होता. लाच देऊ केली, आलिपियस हसला. धमक्या दिल्या, त्याने त्या तुडवल्या. ज्याच्या हाताखाली तो होता, त्या अधिकाऱ्याचीही उघड नकार देण्याची छाती नव्हती. पण या निःस्पृह माणसालाही एका गोष्टीने जवळजवळ जिंकले होते, ती गोष्ट म्हणजे पुस्तके. त्या काळी ग्रंथ हाताने नकलून घ्यावे लागत. सरकारी सवलतीच्या दरात आपल्यासाठी पुस्तके नकलून घेण्याचा मोह त्याला झाला. विचाराअंती त्याने तो नाकारला. मोठी लाच हसत नाकारणारा माणूस पुस्तकांपाशी अडखळला, कारण पुस्तक हे चांगलेच असते. कचेरीच्या यंत्रावर मुलाच्या अभ्यासाच्या झेरॉक्स प्रती काढणाऱ्या बापाला चोर म्हणवत नाही. त्याचे स्वतःचे मनही तसे म्हणत नाही. ऑगस्टीन त्या मनाला दोष देत नाहीत. थोड्यात विश्वासू असणाराच पुष्कळात विश्वासू असतो, या प्रभूच्या शिकवणीचे ते स्मरण देतात आणि पुढे जातात.

नवव्या पुस्तकात संत मोनिका यांच्या निधनाचे वर्णन आहे आणि त्याआधी त्यांच्या आयुष्याचे स्मरण. त्यात पुत्राने आईचा एक मोह सांगितला आहे. आपल्या मराठी चरित्रपर लेखनात कोणी मुलगा आईविषयी, तेही संत मानल्या गेलेल्या आईविषयी, असे लिहील का, याची आम्हांला शंका आहे. मोनिका लहान असताना घरातील एक वृद्ध दासी मुलींना वळण लावीत असे. जेवणाच्या वेळेखेरीज पाणीसुद्धा ती पिऊ देत नसे. उद्या कोठारांच्या मालकिणी झालात, तर पाण्याची चव उरणार नाही आणि पिण्याची सवय तेवढी उरेल, असा तिचा इशारा असे. तरीही मोनिका त्यात सापडली. पिंपातून द्राक्षारस काढून आणायला आईबाप तिलाच पाठवीत, कारण ती गुणी मुलगी होती. सुरईत रस ओतण्यापूर्वी ती ओठ टेकून किंचित चाखी. मद्याची आवड म्हणून नव्हे. बालपणाच्या उत्साहात, गंमत म्हणून. रोजच्या थेंबात रोज एकेक थेंब मिळत गेला आणि पुढे जवळजवळ भरलेले पेले ती आवडीने पिऊ लागली.

यातून तिची सुटका कोणी केली? वृद्ध दासीच्या शिस्तीने नाही. तिला पत्ताच नव्हता. आईबापांनी नाही, त्यांचा मुलीवर विश्वास होता. पिंपाशी तिच्याबरोबर जाणाऱ्या एका दासीशी तिचे भांडण झाले आणि त्या रागाच्या भरात दासी तिला दारुडी म्हणाली. तो शब्द जिव्हारी लागला. मोनिकेने आपल्याकडे नीट पाहिले आणि तेव्हापासून ती सवय टाकली. दासीला तिला सुधारायचे नव्हते, चिडवायचे होते, हे ऑगस्टीन स्पष्ट सांगतात. खुशामत करणारे मित्र बिघडवतात आणि भांडणारे शत्रू कधी कधी ताळ्यावर आणतात, असा त्यांचा अभिप्राय आहे. देवाने एकीच्या दोषातून दुसरीला बरे केले.

या प्रसंगात कोणताही चमत्कार नाही. स्वयंपाकघर, कोठार, एक मुलगी, एक दासी. तरीही रोजच्या मोहाचे याहून नेमके वर्णन आमच्या वाचनात नाही. तो विश्वासाच्या कामातून शिरतो, आवडीवाचून सुरू होतो आणि थेंबाथेंबाने वाढतो. म्हणूनच तो कळत नाही. कळतो तेव्हा दुसऱ्याच्या तोंडून कळतो, आणि ते तोंड नेहमी प्रेमळ असतेच असे नाही. नवऱ्याच्या पिण्याविषयी बायको बोलली, मुलाच्या मोबाइलविषयी शेजारीण बोलली, आपल्या तोंडाळपणाविषयी सुनेने सुनावले, तर आपण बोलणाऱ्याचा हेतू तपासतो. हेतू वाईट निघाला की बोलणेही खोटे ठरवून मोकळे होतो. मोनिकेने हेतू तपासला नाही, शब्द तपासला. संतपणाची सुरुवात आम्हांला येथे दिसते.

आता बागेच्या प्रसंगाकडे वळू. प्रवचनात तो एकट्या ऑगस्टीनचा प्रसंग असतो. ग्रंथात तसा नाही. त्या दिवशी पाँटिशियनस नावाचा एक ओळखीचा माणूस घरी येतो आणि संत अंतोनी व त्यांचे चरित्र वाचून संसार सोडणाऱ्या दोन अधिकाऱ्यांची हकिकत सांगतो. ती ऐकून ऑगस्टीन अस्वस्थ होऊन बागेत जातात. आलिपियस पावलावर पाऊल ठेवून मागे जातो. ऑगस्टीन अंजिराच्या झाडाखाली रडतात, मुलाचा आवाज ऐकतात आणि परत येतात ते आलिपियस बसला होता तेथेच, कारण पौलाच्या पत्रांचे पुस्तक त्याच्याजवळ ठेवलेले असते. रोमकरांस पत्रातील तेराव्या अध्यायाच्या शेवटच्या ओळी वाचून त्यांचा संशय फिटतो. कथा आपण येथे थांबवतो. पण ग्रंथात आलिपियस ते पुस्तक मागून घेतो आणि पुढची ओळ वाचतो. ती ओळ विश्वासाने दुर्बळ असलेल्याला जवळ करण्याविषयी आहे. तो दुर्बळ मीच, असे आलिपियस म्हणतो आणि शांतपणे मित्राबरोबर निघतो. मग दोघे घरात जाऊन मोनिकेला सांगतात.

प्रेक्षागारात स्वतःवर विसंबलेला तरुण बागेत स्वतःला दुर्बळ म्हणवून घेतो, हा त्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. त्याच्या डोळ्यांना जे जमले नाही, ते या कबुलीने साधले. पुढे तो तागास्तेचा बिशप झाला. ऑगस्टीन यांच्या ओळीइतकीच आलिपियसची ओळही आपल्या व्यासपीठांवरून ऐकू यावी, असे आम्हांला फार वाटते.

यानंतर दहावे पुस्तक. येथे गतकाळ संपतो आणि लेखक वर्तमानाविषयी बोलू लागतो. संत योहानाच्या पहिल्या पत्रातील देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि जीवनाचा अहंकार या तीन भागांत तो आपली झडती घेतो. जेवताना भूक कोठे संपते आणि चव कोठे सुरू होते, ते कळत नाही. प्रकृतीचे निमित्त सांगून चवच पुढे सरकते. चर्चमधील गायनाने भक्ती वाढते की केवळ सुरांचा आनंद मिळतो, याविषयी मन दोलायमान होते. परिवर्तनाच्या दिवसांत त्याच गायनाने आलेले अश्रू आठवतात आणि अखेर कौल गायनाच्या बाजूने पडतो. कुत्रा सशाचा पाठलाग करतो ते पाहायला आता क्रीडांगणात जाणे नाही. पण शेतावरून जाताना दिसले, तर एखादा गंभीर विचारही तुटतो. घरी बसले असता पाल माश्या पकडते किंवा कोळी जाळ्यात माशी गुंडाळतो, तिकडे नजर खिळते. आणि शेवटी स्तुती. चांगले वागावे तर लोक स्तुती करणारच. ती आवडते, आणि आवडते म्हणून भीती वाटते.

बिशपने पालीकडे बघत राहण्याची कबुली द्यावी, हे कोणाला हास्यास्पद वाटेल. आम्हांला त्यात आपल्या दिवसाचे प्रतिबिंब दिसले. आज प्रत्येकाच्या हातातील मोबाइलमध्ये असंख्य पाली आणि असंख्य कोळी आहेत. संध्याकाळी पवित्र माळेची वेळ होते, घरचे जमतात आणि एकाचे लक्ष अजून त्या पडद्यावर असते. ते पाहणे पाप नसेल. पण ज्या प्रार्थनेसाठी आपण बसलो, ती त्याने तुटते. ऑगस्टीन यांची तक्रार नेमकी एवढीच आहे.

हे सारे लिहून जाहीर का करावे, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आहे. देवाला तर सर्व ठाऊकच आहे. त्यांचे उत्तर असे की, वाचणाऱ्या अंतःकरणाने निराशेत झोपी जाऊ नये, मला हे जमणार नाही असे म्हणू नये. बंधुभावाने वाचणाऱ्यांनी त्यांच्यातील चांगल्याबद्दल आनंद मानावा आणि वाइटाबद्दल त्यांच्यासाठी शोक करावा, अशी त्यांची विनंती आहे. नवव्या पुस्तकाच्या शेवटी ते वाचकांना आणखी एक मागणे करतात : वेदीपाशी माझ्या आईवडिलांची आठवण ठेवा. म्हणजे वाचकालाही ते आपल्या सोबत्यांत ओढून घेतात. सोळाव्या वर्षी सोबत चोरीसाठी होती. आता प्रार्थनेसाठी आहे. ‘कन्फेशन्स’चे तात्पर्य आम्हांला या बदलात दिसते. मोह सोबतीने येतो आणि त्याचा प्रतिकारही सोबतीनेच होतो. एकट्याने जिंकण्याचा हट्ट धरणारा आलिपियस रक्ताच्या आखाड्यात हरला.

या थोर ग्रंथाशी आमचे मतभेद आहेत, तेही सांगणे प्राप्त आहे. पहिला मतभेद एका स्त्रीविषयी आहे. सुमारे पंधरा वर्षे जी ऑगस्टीन यांच्याबरोबर राहिली, जिने त्यांना आदिओदातुस हा पुत्र दिला, तिचे नाव ग्रंथात नाही. सोयीचे लग्न ठरल्यावर तिला दूर करण्यात आले. मुलाला मागे ठेवून, पुन्हा कोणा पुरुषाशी संबंध न ठेवण्याची शपथ वाहून ती आफ्रिकेला परतली. ठरलेली वधू वयात येण्यास दोन वर्षे होती; तेवढाही धीर न निघाल्याने ऑगस्टीन यांनी दुसरी स्त्री जवळ केली. त्या घडीला मोहाचा प्रतिकार ज्या व्यक्तीने केला, ती ही अनामिका होती. ऑगस्टीन यांनी हे लपवलेले नाही. आपण तिच्यापुढे उणे ठरलो, हे ते मान्य करतात आणि तिच्या वियोगाने हृदय रक्तबंबाळ झाल्याचेही सांगतात. पण तिचे पुढे काय झाले, हे सांगत नाहीत. प्रवचनांत तर ती ‘पापाची सोबतीण’ एवढीच उरते. हा तिच्यावर अन्याय आहे आणि तो आपण तरी करू नये.

दुसरा मतभेद आनंदाविषयी आहे. अन्न औषधासारखे घ्यावे, ही दहाव्या पुस्तकातील भूमिका कठोर आहे. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, तो औषध म्हणून नव्हे. आपल्या समाजात सण, लग्ने आणि पंगती यांना मान आहे आणि तो असावा. पण याच पंगतींत नको म्हणणाऱ्याच्या हाती पेला कोंबला जातो, हेही आपण जाणतो. ऑगस्टीन यांनी आनंदावर संशय घेतला, तो आम्हांला थोडा अधिक वाटतो. आपण आग्रहावर कधीच संशय घेत नाही, हे मात्र नक्कीच कमी पडते.

वाचनाविषयी एक सूचना. संपूर्ण ग्रंथ एका दमात वाचण्याचा आग्रह नको. अकरा ते तेरा ही काळ आणि सृष्टी यांविषयीची पुस्तके जड आहेत. हेन्री चॅडविक यांचे १९९१ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर वाचनीय आहे. घरातील इंग्रजी जाणणाऱ्या मुलीने वा मुलाने दुसऱ्या पुस्तकातील नासपतीची चोरी, सहाव्यातील आलिपियस आणि नवव्यातील मोनिका एवढेच भाग वाचून मराठीतून घरच्यांना सांगितले, तरी पुष्कळ होईल.

पुढच्या ऑगस्टमध्ये आई आणि मुलाचे सण पुन्हा येतील. त्या वेळी चर्चच्या बाहेर राहिलेल्या त्या बापाला कोणीतरी सांगावे की, बिशप झाल्यावरही ऑगस्टीन यांचे मोह संपले नव्हते आणि मोनिकेलाही एकेकाळी घोट सुटत नव्हता. सांगणाऱ्याने तेवढ्यावर न थांबता आपलाही एखादा मोह त्याच्यापाशी बोलून दाखवावा, आणि मग दोघांनी बरोबरच मिस्सेला यावे. आलिपियसने वाचलेली ओळ आपल्याकडून एवढेच मागते.